मुलांना घेऊन महिनाभर ल्योंला राहायचं म्हणतेय. वेडेपणा आहे का?

ओवीची_आई | ११ फेब्रुवारी, रात्री १०:४२

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र होते, धागा पहिल्यांदाच काढतेय. सांभाळून घ्या.

आम्ही पुण्याचे. मुलगी ९ वर्षांची, मुलगा ५ चा. नोकरीच्या १४ वर्षांत प्रथमच सलग चार आठवडे रजा मिळतेय, कारण कंपनी म्हणतेय साठलेली रजा घ्या, नाहीतर बुडाली समजा. तर डोक्यात असं आहे की १२ मे ते १० जून फ्रान्समधल्या ल्यों शहरात एक घर भाड्याने घ्यायचं आणि तिथेच राहायचं. रोज नवं हॉटेल, रोज बॅगा भरा, रोज पहाटे बस पकडा, हे नको. नवरा पहिले दोन आठवडे असेल, नंतर मी आणि मुलं.

ल्योंच का, तर कारण काही थोर नाही. वीसेक वर्षांपूर्वी रानडे इन्स्टिट्यूटमध्ये फ्रेंच शिकत होते. पाठ्यपुस्तकात एक धडा ल्योंवर होता, दोन नद्या आणि घराखालून जाणारे बोळ. भाषा विसरले, बोळ लक्षात राहिले.

सासूबाई म्हणतात, "एवढा पैसा घालताय तर पाच-सहा देश तरी बघा. निदान आयफेल टॉवरपाशी मुलांचा एक फोटो पाठवा, म्हणजे मला चारचौघींत दाखवता येईल." दीर म्हणतो, एकाच गावात पोरं तिसऱ्या दिवशी कंटाळतील.

माझा प्रश्न तेवढाच. कंटाळतील का?

तिरकसराव | ११ फेब्रुवारी, रात्री १०:५५

कंटाळतील. पुण्यात काय कंटाळत नाहीत? तिथे कंटाळा युरोत पडेल इतकंच.

पायरीचा_आंबा | ११ फेब्रुवारी, रात्री ११:०३

१२ मे ते १० जून? ऐन आंब्यात घर सोडून जाणार? बाकी प्रश्न नंतर. आधी हे घरच्या देवाला विचारलंत का?

रोनकाठी | १२ फेब्रुवारी, रात्री १:२०

ल्योंत आठवं वर्ष, म्हणून झोप बाजूला ठेवून लिहितोय.

शहर समजायला सोपं आहे. रोन आणि सोन अशा दोन नद्या, त्यांच्यामध्ये जिभेसारखी लांबट जमीन, तिचं नाव प्रेस्कील. पश्चिमेला फूर्व्हिएरची टेकडी, उत्तरेला क्र्वा-रूसची. गावात म्हण आहे की एक टेकडी प्रार्थना करते आणि दुसरी काम करते. पहिलीवर बॅसिलिका, दुसरीवर रेशीम विणणाऱ्यांची वस्ती. तुमच्या पुस्तकातले बोळ म्हणजे 'त्राबूल'. एका रस्त्यावरच्या दारातून शिरायचं, अंगण, जिना, पुन्हा अंगण, आणि बाहेर पडायचं ते पलीकडच्या रस्त्यावर. काही दारं दिवसा उघडी असतात. आत लोक राहतात, त्यामुळे मुलांना आवाज करू देऊ नका.

तुम्ही निवडलेला काळ चांगला आहे. फ्रेंच शाळांची मोठी सुट्टी जुलैत लागते, म्हणजे मे-जूनमध्ये बागा सकाळी रिकाम्या मिळतील. बुधवारी दुपारी शाळा नसते, त्या दिवशी मात्र झोपाळ्याला रांग. साडेचारला शाळा सुटली की सगळी पोरं बागेत येऊन 'गूते' खातात, म्हणजे आपलं मधल्या वेळचं खाणं. आई-बापांच्या पिशवीतून पाव आणि चॉकलेटची वडी निघते. तुमच्या मुलांना मित्र मिळाले तर त्याच वेळी मिळतील.

पाच वर्षांच्या मुलाला सगळ्यात जास्त काय आवडेल सांगू? मेट्रो. डी मार्गावर चालक नसतो, पुढच्या काचेपाशी उभं राहिलं की बोगदा आपणच चालवतोय असं वाटतं. सी मार्ग क्र्वा-रूसचा चढ दातेरी रुळावरून चढतो. जुन्या गावातून टेकडीवर जाणारी केबलने ओढली जाणारी गाडी वेगळीच. गावकरी तिला 'फिसेल' म्हणतात, म्हणजे सुतळी. माझ्या भाच्याने एका दुपारी सुतळीच्या अकरा फेऱ्या केल्या. वर रोमन काळातलं नाट्यगृह आहे, आत जायला पैसे नाहीत, दगडी पायऱ्यांवर मुलं वर-खाली पळत राहतात आणि आपण बसून राहायचं.

तेत दॉर ही बाग ११७ हेक्टरची, १८५७ पासूनची. तळं आहे, जिराफ आहेत, तिकीट नाही. नद्या मिळतात तिथल्या कॉन्फ्ल्युआंस संग्रहालयात मॅमथचा सांगाडा आहे आणि १८ वर्षांखालच्यांना प्रवेश मोफत.

कंटाळ्याबद्दल मत राखून ठेवतो.

हिशोबी | १२ फेब्रुवारी, सकाळी ९:१०

कुणीतरी वाईट व्हायला हवं म्हणून मी होतो. चार तिकिटं, महिन्याचं भाडं, व्हिसा, विमा, किराणा, मेट्रो, आठवड्याला एक बाहेरगावची फेरी. हात आखडून केलं तरी सहा-सात लाख. त्याच पैशांत दहा मे महिने कोकणात होतात. मुलांना शेवटी पाणी, माती आणि दुसरी मुलं लागतात, ती गुहागरलाही आहेत.

तिरकसराव | १२ फेब्रुवारी, सकाळी ९:१४

गुहागरला चालकाविना मेट्रो नाही.

हिशोबी | १२ फेब्रुवारी, सकाळी ९:१६

चालकाविना एसटीही नाही. चालक असून एसटी नाही, तो प्रश्न वेगळा.

माळरान | १२ फेब्रुवारी, सकाळी ११:३८

@हिशोबी, हिशोब मान्य, पण तुलना चुकतेय. दहा दिवसांत सहा देशांच्या सहलीलाही चौघांचे एवढेच जातात. आम्ही गेलो होतो. मुलाला आठवतं ते काय, तर बसमधलं बटाट्याच्या वेफर्सचं पाकीट आणि कुठल्याशा शहरात मला शौचालयासाठी सुट्टे न मिळाल्याने झालेली पळापळ. शहर कुठलं, ते आम्हा दोघांनाही आठवत नाही.

परतीचा_पाऊस | १२ फेब्रुवारी, दुपारी ३:०५

धाग्याचा सूर फार गुलाबी होतोय, म्हणून माझा अनुभव.

तुलूज, जुलै-ऑगस्ट. नवऱ्याचं विमान कंपनीतलं काम, सहा आठवड्यांचं. आम्हीही जाऊ, महिनाभर राहू, मजा करू म्हणून मी सात आणि तीन वर्षांच्या दोघांना घेऊन गेले. घर चौथ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. जाहिरातीत 'सुंदर जिना' असा उल्लेख होता, तो मी सौंदर्याबद्दलचा समजले. तीन वर्षांचं मूल, बाबागाडी आणि दुधाचे सहा डबे घेऊन तो सुंदर जिना मी दिवसातून तीनदा चढले.

दुसऱ्या आठवड्यात उष्णतेची लाट. एसी नाही, पंखा नाही, दुकानांतले पंखे संपलेले. मी आपली पुण्यासारख्या खिडक्या सताड उघड्या टाकून बसले. तिसऱ्या दिवशी समोरच्या खिडकीतल्या आजी हातवारे करत ओरडायला लागल्या. मला वाटलं मुलांच्या दंग्यावरून चिडल्या. शेवटी त्यांनी स्वतःच्या खिडकीची लाकडी झडपं धाडकन लावून, उघडून, पुन्हा लावून दाखवली. सकाळी आठला सगळं बंद करायचं, अंधारात बसायचं, रात्री दहानंतर उघडायचं. हे कळेपर्यंत धाकटीच्या अंगभर घामोळं.

ऑगस्ट लागला आणि खालच्या बेकरीवाल्याने दारावर चिठ्ठी लावली, सुट्टीवर जातोय, महिनाअखेरीस भेटू. मग भाजीवाला. मग केस कापणारा. अख्खं गाव आपापल्या गावी गेलं आणि आम्ही त्यांच्या गावात.

पण खरी गोष्ट ही नाहीच. खरी गोष्ट अशी की नवरा सकाळी जायचा आणि मी पोळ्या लाटायचे. विजेच्या शेगडीवर, दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात, बाटलीचं लाटणं करून. हॉटेलात राहिलं की निदान ताट कुणीतरी उचलतं. घर घेतलं की घरकाम आलं, आणि पुण्यात मदतीला येणाऱ्या मावशी तिथे नसतात. 'महिनाभर राहणं' ही नेमकी कुणाची सुट्टी, हे जायच्या आधी ठरवा. ओवीच्या आई, शेवटचे दोन आठवडे तुम्ही एकट्या आहात.

तिरकसराव | १२ फेब्रुवारी, दुपारी ३:३०

यावर विनोद सुचत नाही. मावशींचा पगार वाढवतो.

शेवग्याची_शेंग | १२ फेब्रुवारी, दुपारी ४:१२

प.पाऊस, अगदी पटलं. पण त्यावर उपाय घरातच आहे, तो म्हणजे पोळ्या न करणं. फ्रेंच घरांत रोजची जेवणं दोन-दोन तास रांधत बसत नाहीत. ताजा पाव, चीज, टोमॅटो, उकडलेलं अंडं, फळ, झालं जेवण. मुलांना चौथ्या दिवसापासून भात लागेलच, तो लावा. साहित्याचं म्हणाल तर 'सेमूल फीन' म्हणजे बारीक रवा, शिऱ्याला चालतो. 'लांतीय कोराय' म्हणजे आपली मसूर डाळ. बिनमिठाचं लोणी आणून कढवलं की तूप. आणि 'फ्रोमाज ब्लां' नावाचं दह्याच्या चक्क्यासारखं काहीतरी मिळतं, ते रात्रभर फडक्यात टांगा, साखर-वेलची घाला. चक्का बांधायला घरात पंचा नव्हता, मी नवऱ्याचा धुतलेला बनियन वापरला. पाहुण्यांना सांगू नये.

शाकाहारी असाल तर दोन गोष्टी जपा. सॅलडमध्ये न सांगता डुकराच्या मांसाचे बारीक तुकडे असतात, 'लार्दों' हा शब्द पाठ करा. मुलांच्या मऊ गोळ्यांत जिलेटिन असतं.

रोनकाठी | १२ फेब्रुवारी, रात्री ९:४०

ल्योंत कढीपत्ता, हिरव्या मिरच्या, बासमती हवं असेल तर गियोतियेर भागात जा. भाजी-फळांना सोनच्या काठचा सकाळचा बाजार किंवा क्र्वा-रूसचा. सोमवारी बाजार नाही, बरीच दुकानंही बंद. मे महिन्यात बहुतेक वेळा एक सुट्टी गुरुवारी येते, मग शुक्रवारचा 'पूल' बांधून लोक चार दिवस गायब होतात. त्याच्या आदल्या दिवशी किराणा भरा.

@पायरीचा_आंबा, त्या काळात इथे चेरी असतात. आंब्याची सर नाही, पण आंब्याच्या बिया खिडकीतून नदीत थुंकता येत नाहीत.

पायरीचा_आंबा | १२ फेब्रुवारी, रात्री ९:५२

बी नव्हे, कोय. परदेशात राहिलं की असं होतं.

कागदपत्र_काका | १३ फेब्रुवारी, सकाळी ८:०५

रूक्ष पण गरजेचं. व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि मेच्या अपॉइंटमेंट भराभर संपतात, आजच बघा. विमा किमान ३०,००० युरोचा. सहा वर्षांखालच्या मुलांना व्हिसा शुल्क नाही, बारा वर्षांखालच्यांच्या बोटांचे ठसे घेत नाहीत. पूर्ण महिन्याच्या घराची पावती जोडा. नवरा आधी परतणार आहे, तेव्हा त्याचं संमतीपत्र मुलांच्या कागदांत ठेवा, परतीच्या विमानतळावर विचारलं तर हाताशी असावं. आणि कुणी 'लॅपटॉप घेऊन जा, तिथूनच काम कर' म्हणेल त्याचं ऐकू नका. पर्यटक व्हिसा पर्यटनासाठी असतो. रजा आहे ना, रजा घ्या.

पाणकोंबडी | १३ फेब्रुवारी, सकाळी १०:४४

फ्रान्समधल्या सार्वजनिक तरणतलावात जाणार असाल तर: डोक्याला टोपी सगळ्यांना. मुलगे-पुरुषांना घट्ट चड्डी, सैल बर्म्युडा चालत नाही. बायकांनाही बहुतेक ठिकाणी लेगिंग लावलेला किंवा घेरदार पोहण्याचा पोशाख चालत नाही. आपल्याकडून तोच घेऊन गेलं तर काठावर बसून मुलांचे कपडे सांभाळायचे. अनुभवाचे बोल.

येवलेकर | १३ फेब्रुवारी, रात्री ११:१५

मी प्रवासी नाही. पण क्र्वा-रूसचं नाव वाचून राहवलं नाही. आमच्या घरात तीन पिढ्या पैठणीचा माग. सहा वर्षांपूर्वी एका प्रदर्शनाच्या निमित्ताने तीन दिवस ल्योंला गेलो, त्यातला दीड दिवस त्या टेकडीवर काढला.

तिथल्या विणकरांना कान्यू म्हणत. त्यांची घरं बघाल तर छत चार मीटर उंच, खिडक्याही तशाच उंच. बघणाऱ्याला वाटतं श्रीमंती. श्रीमंती कसली, जॅकार्डचा माग उभा राहावा म्हणून छत उंच आणि धागा दिसावा म्हणून खिडकी मोठी. माणसं मात्र त्याच खोलीत, पोटमाळ्यावर झोपायची. आमच्या जुन्या घरातही जागा आधी मागाला, उरली तर माणसाला. जॅकार्ड हा ल्योंचाच. त्याने एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांवरून नक्षी उचलणारा माग बसवला. भोक असेल तिथे सुई जाते, नसेल तिथे अडते. पुढे संगणकाच्या कार्डांनी हाच मार्ग धरला.

तिथे एका जुन्या मागावर एक बाई विणून दाखवत होती. पाय पडला, पुठ्ठा फिरला, धोटा गेला, फणी आपटली. ती म्हणाली, आमच्याकडे या आवाजाला शब्द आहे, 'बिस्तांक्लाक'. मी डोळे मिटून ऐकलं. आमच्याकडे शब्द नाही, पण लहानपणी दुपारी तो आवाज थांबला की आम्ही जागे व्हायचो, कारण आवाज थांबला म्हणजे वडील उठले.

१८३१ मध्ये या विणकरांनी मजुरीचा दर ठरवून मागितला, व्यापाऱ्यांनी पाळला नाही, तेव्हा उठाव झाला. त्यांनी काही दिवस शहर ताब्यात घेतलं होतं. तीन वर्षांनी पुन्हा. पुढचं सांगत नाही, मुलांना तिथे जाऊन ऐकू द्या. पाच वर्षांच्या मुलाला इतिहास कळणार नाही, पुठ्ठ्याची भोकं नक्की कळतील.

माळरान | १३ फेब्रुवारी, रात्री ११:४०

येवलेकर, वेगळा लेख लिहा. विनंती नाही, तगादा आहे.

रीळ_संपलं | १४ फेब्रुवारी, सकाळी ७:५०

अवांतर, पण अगदीच अवांतर नाही. ल्योंच्या मोंप्लेझीर भागात ल्युमिए कुटुंबाचा वाडा आहे. १८९५ मध्ये कारखान्यातून सुटलेले कामगार त्यांनी जिथे चित्रित केले, त्या शेडचा भाग तिथे जपून ठेवलाय. समोरच्या रस्त्याचं नावच 'पहिल्या चित्रपटाचा रस्ता'. आपला संबंध असा की पुढच्याच वर्षी, ७ जुलै १८९६ ला, मुंबईत वॉटसन हॉटेलात त्यांच्या चित्रांचा खेळ झाला. ते बघून हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, म्हणजे सावेदादा, यांनी इंग्लंडहून कॅमेरा मागवला आणि १८९९ मध्ये हँगिंग गार्डनवर कुस्ती चित्रित केली. वॉटसनची इमारत काळा घोड्याला अजून उभी आहे, बांबूंच्या आधाराने का होईना. मुलांना आधी ती दाखवा, मग ल्यों. मुंबईच्या बाजूने तिकीट फक्त सिंहगड एक्सप्रेसचं.

हिशोबी | १४ फेब्रुवारी, सकाळी ८:०२

हा प्रतिसाद माझ्या बाजूने धरतो.

ओवीची_आई | १६ फेब्रुवारी, रात्री १०:१०

सगळ्यांचे मनापासून आभार. परतीचा_पाऊस, तुमचा प्रतिसाद नवऱ्याला वाचायला दिला. त्याने गंभीर चेहरा करून जाहीर केलंय की पहिले दोन आठवडे स्वयंपाक तो करणार. त्याला वरण-भात आणि ऑम्लेट येतं, तेव्हा आम्ही वरण-भात आणि ऑम्लेट खाणार. शेवटचे दोन आठवडे शेवग्याची_शेंग पद्धत.

घर बघितलं: दुसरा मजला, लिफ्ट आहे (तीनदा विचारून खात्री केली), सोनच्या काठाला.

ओवीची_आई | २२ मे, रात्री ११:३०

ल्योंहून. दहावा दिवस. रात्रीचे नऊ वाजले तरी बाहेर लख्ख उजेड, त्यामुळे मुलांना झोपवणं हा एक वेगळाच उद्योग. "अजून दिवस आहे" या युक्तिवादाला माझ्याकडे उत्तर नाही.

पहिला आठवडा बघण्यात गेला. सुतळी, जिराफ, मॅमथ, सगळं झालं. रोनकाठी, तुमच्या भाच्याच्या विक्रमाला धोका नाही, आमचा नऊवर थांबला, तोही शूची हाक आली म्हणून.

फजिती सांगते. दरवाज्यांवर 'ढकला' या अर्थाचा फ्रेंच शब्द असतो, उच्चार 'पूसे'. मी मुलांना शिकवलं, असं लिहिलेलं दिसलं की पूसे. दुसऱ्या दिवशी औषधाच्या दुकानाचं दार उघडेना, म्हणून मागे वळून बघते तर चिरंजीव शर्टाच्या बाहीने दाराची काच पुसतायत. खालपासून हात पोचेल तिथपर्यंत, मन लावून. आतली बाई बघत होती. तिने बाहेर येऊन त्याच्याशी हस्तांदोलन केलं. आता प्रत्येक दार तो पुसूनच ढकलतो.

दुसरी फजिती. पाणकोंबडींचा प्रतिसाद वाचून मुलाला घट्ट चड्डी घेतली, तिघांना टोप्या घेतल्या. माझाच पोशाख लेगिंगचा. मी काठावर बसून कपडे सांभाळले.

आणि मूळ प्रश्न: कंटाळली. आठव्या दिवशी सकाळी मुलगी म्हणाली, "आई, आज कुठेही नको ना जायला." मी घाबरले, दिराचा चेहरा डोळ्यांसमोर आला. नवरा म्हणाला, नको तर नको. खाली उतरून नदीच्या पायऱ्यांवर बसलो. काहीच नव्हतं. एक लांबलचक मालाची बोट गेली, डेकवर दोरीवर कपडे वाळत होते आणि एक मोटार उभी होती. बोटीवर मोटार! मुलांनी तासभर पुढच्या बोटीची वाट बघितली. तेव्हापासून रोज जेवणानंतर बोटी मोजायला जातो. वहीत लिहितात. आज तीन. काल एकच, पण तिच्यावर कुत्रा होता.

तिरकसराव | २३ मे, सकाळी ८:२०

सहा-सात लाख, बोटी तीन. @हिशोबी, बोटीमागे दर काढा.

हिशोबी | २३ मे, सकाळी ८:३१

कुत्र्याची धरू का वेगळी?

परतीचा_पाऊस | २३ मे, दुपारी १२:१५

नवरा खरंच स्वयंपाक करतोय का? बाकी सगळं नंतर सांगा.

ओवीची_आई | २३ मे, दुपारी ४:४८

करतोय. पाचव्या दिवशी ऑम्लेटमध्ये चीज घालून त्याला फ्रेंच नाव दिलं. भांडीही तोच घासतो, कारण इथलं धुलाई यंत्र स्वयंपाकघरात आहे आणि ते लावलं की दोन तास मी त्याला तिथून हलू देत नाही. उद्या परवा तो निघेल, मग बघू.

ओवीची_आई | ८ जून, रात्री १०:२०

परवा निघतोय. नवरा गेल्यावर पहिले तीन दिवस जड गेले, ते खरं. धाकट्याला ताप आला. साधं तापाचं औषधही इथे फक्त औषधाच्या दुकानातच मिळतं, किराण्यात नाही, आणि रविवारी ते दुकान शोधायला दोघांना घेऊन वीस मिनिटं चालले. त्या रात्री परतीचा_पाऊस तुमची फार आठवण आली, खोटं कशाला बोलू. दुसऱ्या दिवशी ताप उतरला आणि मी दिवसभर काहीही शिजवलं नाही.

येवलेकर, माग बघितला. मुलगी पुठ्ठ्याच्या भोकांत बोट घालून बघायला निघाली होती, आवरलं. परत आल्यावर दोघांनी धान्याच्या खोक्यांना भोकं पाडली आणि सुतळी (खरी) ओवली. घरमालकांच्या गालिच्यावर अजून पुठ्ठ्याच्या टिकल्या सापडतायत.

बेकरीचं सांगायचं राहिलं. पहिल्या दिवशी मुलीला एकटीला पाव आणायला पाठवलं, मी दाराबाहेर उभी. तिने पाठ केलेलं वाक्य धडाधड म्हटलं. काउंटरवरची बाई शांतपणे तिच्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "बोंजूर." एवढंच. मुलगी ओशाळली, बोंजूर म्हणाली, मग पाव मिळाला. इथे आधी बोंजूर, मग व्यवहार, लहान-मोठं कुणीही असो. गेला आठवडाभर ती दारातूनच एवढ्या जोरात बोंजूर म्हणते की रांगेतली माणसं वळून बघतात. आणि बाई आता पाव न विचारता काढून ठेवते, शेंडा जरा जास्त भाजलेला, कारण वाटेत शेंडा कोण खातं ते तिला ठाऊक आहे.

रोनकाठी | ८ जून, रात्री १०:५१

झालं मग. तुम्हाला आता इथला मतदानाचा हक्क सोडून सगळं मिळालं. पुढच्या वेळी २१ जूनपर्यंत थांबा, १९८२ पासून त्या दिवशी गल्लोगल्ली गाणी-बजावणी असते.

पायरीचा_आंबा | ८ जून, रात्री ११:०५

पुढच्या वेळी आंबे संपल्यावर जा एवढंच म्हणणं. कोयी नदीत टाकायच्या नाहीत हे कळलं.

तिरकसराव | ९ जून, सकाळी ७:४०

सगळं ठीक, पण सासूबाईंच्या आयफेल टॉवरचं काय झालं? पॅरिसला गेलात का?

ओवीची_आई | ९ जून, दुपारी १:३३

दोन तासांची वेगवान गाडी आहे, पण राहिलंच. मात्र इथे फूर्व्हिएरच्या टेकडीवर लोखंडी जाळीचा एक मनोरा आहे, १८९४ चा. आता दूरचित्रवाणीच्या प्रक्षेपणाला वापरतात. आयफेलचा वरचा भाग कापून ठेवावा तसा दिसतो. त्याच्यासमोर दोन्ही मुलांना उभं करून, खालचा भाग झाडांत जाईल असा फोटो काढला आणि 'फ्रान्सहून नमस्कार' एवढंच लिहून पाठवला.

सासूबाईंनी तो भिशीच्या ग्रुपवर टाकलाय. आत्तापर्यंत १७ जणींनी अंगठे दिलेत. कृपया इथलं कुणी त्या ग्रुपवर असेल तर गप्प बसा.